दगडाचा मागचा जन्म: नाशिकच्या एका खाऱ्या टाकीचं प्रकरण

भाच्याचा फोन आला तेव्हा सौदा जवळजवळ ठरलेला होता. "मावशी, पंचवीस किलो लाइव्ह रॉक मिळतोय. एक गृहस्थ टाकी बंद करतायत. फोटो पाठवलेत, फक्त हो म्हण."

जूनचा पहिला आठवडा होता. टाकी आधीच आलेली: चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे दगड-वाळू धरून जेमतेम दोनशे लिटर पाणी. फोटोत एक मोठा ढीग दिसत होता, काही तुकडे पांढरेशुभ्र, फांद्या फुटलेले, फार देखणे. मी ठाण्यात गेली अकरा वर्षं खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळते आहे, आणि या छंदात सगळ्यात जास्त पैसे, मासे आणि धीर दगडाच्या निवडीत वाया जातात असं माझं मत आहे. म्हणून त्याला म्हटलं, पैसे देऊ नकोस, मी येते.

ही पुढची चौदा महिन्यांची नोंद आहे. भाच्याने प्रत्येक मोजणी वहीत लिहून ठेवली, म्हणून ती सांगता येते.

आधी हे स्पष्ट करायला हवं की लाइव्ह रॉक, म्हणजे 'जिवंत खडक', हा शब्द फसवा आहे. खडक जिवंत नसतो. त्याच्या भोकांत, चिरांत, पृष्ठभागावर जे राहतं ते जिवंत असतं. माशाच्या कल्ल्यांतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया निघतो. दगडाच्या बाहेरच्या थरातले, ऑक्सिजनवर जगणारे जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. आत खोलवर, जिथे ऑक्सिजन पोचत नाही तिथे, दुसरे जिवाणू नायट्रेट फोडून नायट्रोजन वायू मोकळा करतात आणि तो पाण्याबाहेर निघून जातो. इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये, समुद्रातून आणलेले दगड आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर टाकी चालते, हे लिहून जगापुढे ठेवलं. पुढे बर्लिनच्या छंदिष्टांनी त्याला स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारं यंत्र) आणि तेज दिव्यांची जोड दिली, आणि दगड हाच टाकीचा मुख्य फिल्टर झाला. म्हणजे आपल्याला हवं काय? सच्छिद्र, स्वच्छ जागा, आणि तिथे राहायला येणारे जीव. जागा आणि रहिवासी वेगवेगळ्या ठिकाणांहून आणता येतात, यावर हे सगळं प्रकरण उभं आहे.

ढीग उपसताना

ते गृहस्थ मनाने चांगले होते. चहा दिला, ढीग मोकळेपणाने पाहू दिला. मी सोबत भिंग नेलं होतं. फांद्यांचे पांढरे तुकडे भिंगाखाली धरले की बारीक चांदण्यांसारखे खळगे दिसतात, प्रत्येक खळग्यात मध्याकडे जाणाऱ्या पातळ भिंती. एकेका खळग्यात एकेक जीव राहत होता. ते पोवळ्याचे सांगाडे होते.

"हे कुठून आलेत?" मी विचारलं. त्यांना माहीत नव्हतं, त्यांनीही कुणाकडून तरी घेतलेले.

इथे माझ्या दृष्टीने प्रश्न संपतो. खडक बांधणारी सगळी पोवळी, काळी पोवळी, अग्निपोवळी आणि सागरी पंखे हे जुलै २००१ मध्ये वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आले. वाघाला जे संरक्षण आहे, ते यांना आहे. मेलेला, वाळलेला सांगाडासुद्धा खरेदी-विक्रीची वस्तू नाही. आपल्या कोकणातच, मालवणच्या समुद्रात पोवळी आहेत आणि तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. अशा जागेवरून कुणी तरी कधी तरी तोडून आणलेला तुकडा माझ्या भाच्याच्या दिवाणखान्यात शोभेला ठेवायचा, हे मला सहन होणार नाही. त्यांनाही तेच सांगितलं: हे विकू नका, वनखात्याशी बोलून घ्या. ते गंभीर झाले आणि ऐकून घेतलं. बाहेरच्या देशांतही हे दार बंद होत आलं आहे. अमेरिकेत फ्लोरिडाजवळच्या समुद्रातून नैसर्गिक दगड काढणं १९९७ पासून बंद आहे. तिथले लोक भाडेपट्ट्याने घेतलेल्या समुद्रतळावर जमिनीवरचा चुनखडक नेऊन टाकतात आणि काही वर्षांनी तोच वर काढतात.

ढिगातले अकरा-बारा किलो असे बाजूला गेले. उरलेले दगड माणसाने बनवलेले होते. ते ओळखणं अवघड नाही: वाळूचे सुटे कण दिसतात, एका बाजूला साच्याचा सपाट तळ असतो, चांदण्या कुठेच नसतात.

मग मी दगडाचा इतिहास विचारायला बसले. टाकी किती वर्षं चालली? नऊ. रोज खाणं किती? सढळ हाताने, गोठवलेली कोळंबी. दगड कसे वाळवले? टाकी रिकामी करून तसेच गच्चीवर. आणि शेवटचा, माझ्या लेखी सर्वात महत्त्वाचा प्रश्न: माशांना पांढरे ठिपके आले तेव्हा टाकीत मोरचूद किंवा तांब्याचं कुठलं औषध घातलं होतं का?

"एकदा घातलं होतं ताई. छोट्या टाकीत."

छोट्या टाकीतले दगड कोणते, हे त्यांना आठवत होतं हे आमचं भाग्य. तांबं चुनखडीला चिकटून बसतं आणि हळूहळू सुटत राहतं. माशाला ते सोसतं; कोळंबी, गोगलगाय, समुद्री फूल यांना अगदी थोडंही मारक ठरतं. ते सहा किलो आम्ही घेतले नाहीत. शेवटी हाती आठ किलो आले, आणि टाकीला त्याच्या दुप्पट हवे होते.

उरलेला दगड कुठून आणायचा

माझी बहीण म्हणाली, "गोदेत एवढे दगड पडलेत, त्यातले घ्या की."

तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. आपला काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, खाऱ्या पाण्यात विरघळत नाही आणि सहसा काही अपायही करत नाही. पण तो घट्ट आहे. काळाराम मंदिराचा दगड दोनशेहून अधिक पावसाळे उभा आहे तो पाणी आत शिरू देत नाही म्हणूनच, आणि आपल्याला तर पाणी आत शिरू देणारा दगड हवा. शिवाय नदीतल्या दगडाने कुठलं सांडपाणी पाहिलं असेल ते कळायला मार्ग नाही. कोकणातला जांभा दिसतो सच्छिद्र, पण त्यात लोह भरपूर, मातीही असते, आणि तो पाण्यात झिजून चुरा सोडतो. दुकानातला तयार कोरडा दगड हा चांगला पर्याय होता. सोळा किलोंचा हिशेब विद्यार्थ्याच्या खिशाबाहेर गेला, एवढंच.

म्हणून दगड घरी करायचं ठरलं. माझ्या घरी तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, वरचेवर होतात. मी शिंपल्या साठवून ठेवते, कारण माझ्याही टाकीला लागतात. त्या उकळल्या, चिकटलेलं सगळं मांस घासून काढलं, ब्लीच घातलेल्या पाण्यात दोन दिवस ठेवल्या, धुऊन उन्हात वाळवल्या आणि जाडसर कुटल्या. मांसाचा अंश राहिला तर तोच पुढे फॉस्फेट होऊन निघतो, म्हणून इथे आळस करू नये. जिथे पिढ्यान्‌पिढ्या शिंपल्या भाजून चुना केला गेला, त्या किनाऱ्यावर शिंपलीची किंमत वेगळी सांगायला नको.

प्रमाण असं: एक भाग पांढरं सिमेंट, तीन भाग शिंपल्यांचा चुरा, दीड भाग जाडं मीठ. पांढरं सिमेंटच घ्यायचं, भिंतीला लावायची पुट्टी नव्हे; पुट्टीत रेझिन असतं. पाणी अगदी बेताचं. मूठ वळली तर चुरम्याच्या लाडवासारखं जेमतेम टिकेल इतकंच. ओल्या वाळूत खड्डे करून त्यात हे मिश्रण सैल हाताने टाकायचं, दाबायचं नाही. मधून बोटं घालून बोगदे करायचे. दोन-तीन दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवून मग पाण्यात बुडवलं की मीठ विरघळतं आणि मिठाच्या प्रत्येक खड्याच्या जागी भोक उरतं. जुलैच्या पहिल्या रविवारी आम्ही असे नऊ दगड केले. वजन सुमारे दहा किलो.

आता खरी वाट पाहायची. ताज्या सिमेंटमधून चुना सुटतो आणि पाण्याचा पीएच बाराच्या वर जातो. समुद्राच्या पाण्याचा असतो आठच्या थोडा वर. असा दगड टाकीत गेला तर त्यात काहीच जगणार नाही. उपाय एकच, पाणी बदलत राहणं. नाशिकचा पावसाळा हाताशी होता, म्हणून दगड पावसात ठेव असं मी सांगून आले.

दोन आठवड्यांनी त्याने फोटो पाठवला. दगड पत्र्याच्या छपराच्या पागोळ्यांखाली ओळीने मांडलेले. मी त्याच क्षणी फोन लावला. पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो आणि पावसाच्या किंचित आम्ल पाण्यात जस्त उतरतं. तांब्यासारखं तेही कणा नसलेल्या जीवांना घातक. "पण मावशी, तूच पावसात ठेव म्हणालीस." खरं होतं. पत्र्याचं पाणी नको हे मी सांगायला हवं होतं, ती चूक माझी. दगड उघड्या गच्चीवर, प्लास्टिकच्या जाळीवर गेले. पहिले दोन आठवडे हिशेबातून वगळले आणि दगड आठ दिवस आरओच्या पाण्यात, रोज पाणी बदलून, धुतले.

दर रविवारी एक दगड आरओच्या पाण्याच्या बादलीत २४ तास बुडवून पीएच मोजायचा. ऑगस्टच्या सुरुवातीला ११.४. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ९.८. घटस्थापनेच्या सुमारास ८.६. सलग दोन आठवडे आकडा हलला नाही तेव्हा मी हो म्हटलं.

जुन्या दगडातलं फॉस्फेट

विकत घेतलेले आठ किलो दिसायला तयार होते. भाच्याला ते सरळ टाकीत ठेवायचे होते. मी म्हटलं, आधी वीस लिटरच्या टबात, मिठाच्या पाण्यात, सात दिवस.

सातव्या दिवशी फॉस्फेट १.२ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) निघालं. पोवळी-मासे एकत्र ठेवायच्या टाकीत मी ०.०३ ते ०.१ एवढंच राखते. त्याने सगळं पाणी बदललं. तासाभराने मोजलं, ०.०८. तो खूश झाला. पाच दिवसांनी पुन्हा मोजलं, ०.७.

हे नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण बहुतेक नव्या टाक्यांतलं हिरवं शेवाळ इथूनच येतं. चुनखडी फॉस्फेट शोषते आणि धरून ठेवते. नऊ वर्षं पाण्यात फॉस्फेट जास्त होतं, दगड शोषत राहिला. आता पाणी स्वच्छ झालं की तो सोडत राहतो, पाणी आणि दगड यांचा तोल जमेपर्यंत. पाणी बदललं की तोल पुन्हा बिघडतो आणि दगड पुन्हा सोडतो. त्यामुळे नव्या पाण्यात तासाभरात घेतलेल्या मोजणीला काही अर्थ नसतो. दगड चार-पाच दिवस मुरू द्यावा आणि मग मोजावं.

आधी ब्लीच, दगडात वाळून बसलेले स्पंज आणि किडे गळून जावेत म्हणून, तीन दिवस. मग भरपूर धुणं आणि आठ दिवस ऊन. त्यानंतरच आम्ल. या दोन्हींची गाठ कधीही पडू देऊ नये, ब्लीच आणि आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो आणि तो छातीत जातो. हार्डवेअरच्या दुकानात फरशी धुण्याचं हायड्रोक्लोरिक आम्ल मिळतं. दहा भाग पाण्यात एक भाग आम्ल, आधी पाणी आणि त्यात आम्ल. उघड्यावर, चष्मा आणि रबरी हातमोजे घालून. फेस येतो तो कार्बन डायऑक्साइडचा. दहा मिनिटांत दगडाचा बाहेरचा थर, फॉस्फेटने भरलेला, विरघळून जातो. नंतर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून उरलेलं आम्ल मारलं.

एक दगड मधोमध दुभंगला. आम्ल सिमेंटही खातं, त्यामुळे बनवलेल्या दगडांना हे एकदाच, फार तर दोनदा सोसतं. पहिल्या वेळेनंतर पाचव्या दिवसाचं फॉस्फेट ०.२, दुसऱ्या वेळेनंतर ०.०९. फक्त एक काळपट, जड तुकडा वेगळ्या बादलीत ०.४ च्या खाली येईना. तो ठेवून दिला. हाती उरले साडेसहा किलो.

रहिवासी

नोव्हेंबरात सगळे दगड शंभर लिटरच्या झाकणाच्या टबात गेले. गंगापूर धरणाचं नळाचं पाणी आरओ आणि डीआय (उरलेसुरले क्षार काढणाऱ्या) गाळण्यांतून काढून, त्यात समुद्री मिठाचं मिश्रण, लिटरला साधारण ३५ ग्रॅम. स्वयंपाकाचं मीठ इथे चालत नाही, त्यात मॅग्नेशियम आणि कॅल्शियम कुठून येणार? दिवा नाही, अंधारच बरा, शेवाळाला संधी मिळत नाही. एक पंप पाणी फिरवायला आणि एक हीटर. नाशिकच्या थंडीत रात्रीचा पारा दहाच्या खाली जातो आणि टब गॅलरीत होता. पहिल्या आठवड्यात पाणी १९ अंशांवर आलं आणि जिवाणूंची वाढ थंडावली. टबाला चारही बाजूंनी थर्माकोल बांधला, तेव्हा २६ अंश टिकले.

जिवाणूंना खाणं म्हणून अमोनिया लागतो. भाच्याने विचारलं, "कल्हईवाल्याकडचा नवसागर चालेल का? अमोनियम क्लोराइडच ना तो?" रसायन तेच. प्रश्न शुद्धतेचा आहे. कल्हईला लागणाऱ्या नवसागरात काय मिसळलेलं आहे ते कुणी तपासत नाही. प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानातून छोटी बाटली आणली. शंभर लिटरला ०.६ ग्रॅम, म्हणजे अमोनिया सुमारे २ पीपीएम.

आणि जिवाणूंचं बी माझ्या टाकीतून. सम्पमध्ये, म्हणजे मुख्य टाकीला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत, सहा वर्षं पडून असलेल्या सिरॅमिकच्या रिंगा आणि मुठीएवढे दोन बनवलेले दगड, गुलाबी-जांभळ्या चुनेदार शेवाळाने मढलेले. पाण्यात बुडवून नेले नाहीत. बंद पिशवीतल्या पाण्यातला ऑक्सिजन लवकर संपतो. मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या वर्तमानपत्रात गुंडाळून डब्यात ठेवले. ओलसर हवेत ते ठाणे ते नाशिक आरामात टिकतात. निघण्याआधीच्या रात्री अंधारात लाल बॅटरीने तपासले होते. तिसरा दगड मी न्यायला काढला होता, पण त्याच्या कपारीत आयप्टेशियाचं, म्हणजे टाकीभर पसरणाऱ्या उपद्रवी समुद्री फुलाचं, एक तपकिरी फूल उघडलेलं दिसलं. हे खरवडलं तर प्रत्येक तुकड्यातून नवं उगवतं. तो दगड परत ठेवला. उरलेले दोन मिनिटभर जास्त खाऱ्या पाण्यात बुचकळले, तशी एक बारीक खेकडी बाहेर पळाली.

वहीतले आकडे: पाचव्या दिवशी अमोनिया २. बाराव्या दिवशी १, नायट्राइट चढायला लागलेलं. विसाव्या दिवशी अमोनिया शून्य, नायट्राइट चाचणीच्या रंगपट्टीच्या बाहेर. त्या दिवसांत नायट्रेट मोजू नको असं सांगितलं होतं, नायट्राइट भरपूर असताना ती चाचणी खोटा मोठा आकडा दाखवते. छत्तिसाव्या दिवशी पुन्हा तेवढाच अमोनिया घातला, २४ तासांत दोन्ही शून्य. दगड तयार.

रचना जानेवारीत झाली. मोठे दगड वाळूवर न ठेवता थेट काचेवर, खाली पातळ प्लास्टिकची चकती घालून, आणि वाळू नंतर. वाळू उकरणारा मासा दगड पाडू शकतो. मागच्या काचेपासून चार इंच मोकळे, म्हणजे पाणी मागूनही फिरतं. जुन्या पुस्तकांतला हिशेब लावला तर या टाकीला चोवीस-पंचवीस किलो हवे होते; आम्ही साडेसोळावर थांबलो. घरच्या दगडाच्या पोटात समुद्रातल्या दगडाइतकी खोल, ऑक्सिजनविरहित जागा असेल असं मी म्हणणार नाही. म्हणून सम्पमध्ये सच्छिद्र सिरॅमिकचे दोन ठोकळे वेगळे ठेवले.

फेब्रुवारीत तपकिरी डायटम, म्हणजे एक प्रकारचं सूक्ष्म शेवाळ, आले, वाळू आणि दगड चहाच्या रंगाचे झाले. भाचा घाबरला, मी काही करू दिलं नाही. पाच आठवड्यांत ते गेले. मार्चअखेर टाकीतच जन्मलेल्या, म्हणजे समुद्रातून न पकडलेल्या क्लाउनफिशची एक जोडी आली. एप्रिलच्या उकाड्यात पाणी २९ वर गेलं तेव्हा पंखा लावला. फॉस्फेट एप्रिलमध्ये ०.०९, जूनमध्ये ०.०६. हिरवं केसाळ शेवाळ फक्त जुन्या दगडांवर आलं, घरच्या दगडांवर जवळपास नाही. दोन्हींवर दिवा एकच, पाणी एकच.

जुलैत तो एका दगडाकडे बोट दाखवून म्हणाला, "मावशी, हा डाग की काय?" शिंपल्यांच्या चुऱ्याच्या पांढऱ्या दगडावर, माझ्या दगडाला टेकलेल्या बाजूला, मोहरीएवढे तीन जांभळे ठिपके होते. नखाने खरवडून पाहिले, निघाले नाहीत.

तो काळपट तुकडा अजून गॅलरीतल्या बादलीत आहे. भाचा महिन्यातून एकदा पाणी बदलतो आणि पाचव्या दिवशी मोजतो. ऑगस्टची नोंद ०.३.